गुणाची पोर

पौष शु. ५
कंबर धरली. लोकांची दळणं पडून. सून कौसा भोंग्याच्या आधीच कापडाच्या गिरणीत गेली. दत्तू, माझा पोरगा, वारल्यापासून चूल तिच्यावरच. नात चंपी दहा महिन्यांची, दिवसभर झोळीत गप. आळीतल्या बाया म्हणतात, गुणाची पोर. मला काय, रडत नाय तर बरंच.

पौष शु. ११
शेजारची हमीदाबी नातू घेऊन आली. चंपीच्याच वयाचा. रांगत येऊन माझी पिठाची पाटी उलथी केली मेल्यानं. चंपीला त्याच्या शेजारी बसवली तर पोतं कलंडावं तशी कलंडली. हमीदाबीनं तिच्या डोळ्यापुढं बांगड्या वाजवल्या. पोर बघंना. मग हळूच म्हणली, "अम्मा, इसकू गोली देते क्या?"

पौष व. २
व्हय, देते. आज पहाटं डोळे मिटून पडले आन् बघितलं. कौसानं बाळगोळी दुधात उगाळली, बोटानं चाटवली. अफूच ती. गिरणीतल्या समद्या बाया देतात म्हणं. मी तोंड सोडलं. ती रडली नाय, भांडली नाय.
"आत्याबाई, पोर रडली की तुमी जातं थांबवून माझ्या बापाचा उद्धार करता. मी काय करू?"
जेवण गेलं नाय.

पौष व. ५
गोळी बंद केली. पोर कापते, ओकते, किंचाळते. हगवण. हकीमसाब माझ्यावरच चिडले. एकदम तोडायची नसते, रोज थोडी थोडी कमी करा म्हणले. बरं. तसं.

माघ, तिथी ध्यानात नाय
गोळी सुटली. रडं नाय सुटलं. दळणाची दोन घरं गेली. खांदा भरून आलाय.

फाल्गुन शु. ३
चंपी बसली. पाठीला लुगड्याचं बोचकं, पण बसली. संध्याकाळी कौसाला सांगितलं. भाकरी थापताना सारखी वळून बघत व्हती.

चैत्र व. ८
रांगते. चुलीकडं, मोरीकडं, फिरत्या जात्यात हात. धरून धरून जीव गेला. कौसा म्हणली, "अर्धी देऊ का? तुमचे हाल बघवत नायत." तोंडावर व्हय आलं व्हतं. नाय म्हणले.

आषाढ शु. ९
हमीदाबीचा नातू अम्मी म्हणतो, पानी म्हणतो. चंपी भिंत धरून उभी ऱ्हाते, पण शब्द नाय. हमीदाबी म्हणते येईल. हकीमसाब म्हणतात बघू. झोळीत गेलेले महिने भरून निघतात का, छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाय.
आज तिच्या हातातला गुळाचा खडा काढून घेतला. पोरीनं माझ्या गालावर चापट हाणली. चांगली लागली.
खडा दिला. परत काढून घेतला.
परत हाणली.