कडेच्या तीन गाठी

१२ नोव्हेंबर १९७३

आलो एकदाचा! बार्शीहून सोलापूर, तिथून मंद्रूप, मग बैलगाडीनं भीमेचा काठ आणि शेवटी निंगप्पाच्या होडीतून हे बेट. ऊन कोवळं, हवा गार, पाणी निवळ. गावाचं नाव नडुगड्डी. कानडीत त्याचा अर्थ बेट. म्हणजे बेटाचं नाव काय, तर बेट! नाव ठेवायलाही थोडी अक्कल लागते. एकतीस घरं, सगळी मासे धरणाऱ्यांची. निम्मे मराठी बोलतात, निम्मे कानडी, आणि धड एकही नाही.

जिल्ह्याच्या माहितीपुस्तकासाठी या गावाचा इतिहास चार पानांत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सात वर्षं कॉलेजात इतिहास शिकवतोय, पण चार पानं भरतील एवढा इतिहास इथं असेल असं वाटत नाही.

उतरल्या उतरल्या अक्कम्मा नावाच्या म्हातारीनं माझं नाव विचारलं, मग आईचं. “बजाबाईचा जोतीराम, बजाबाईचा जोतीराम,” असं तिनं दोनदा घोकलं. माझं लग्न जमवायचंय की काय, कोण जाणे.

मुक्काम निंगप्पाच्या ओसरीवरच्या खोलीत. त्याची सून विजयमाला माळशिरसकडची, वैशाखात लग्न होऊन आलेली. सातवी शिकलीय. गावात बोलण्यालायक माणूस ही एकटीच. आणि मरळ माशाचं कालवण मात्र झकास, हे कबूल करतो.

१५ नोव्हेंबर

इतिहास मिळाला. असा की हसावं की रडावं कळेना.

फार पूर्वी भीमेला महापूर आला. बेटावरची सात घरं एकाच जाळ्याला धरून राहिली, ती वाचली. ज्यांनी जाळं सोडलं ती गेली. कोणत्या साली, असं विचारलं तर निंगप्पा म्हणतो, “लई वर्सं झाली की.” झाला इतिहास!

ते जाळं म्हणे अजून आहे. गंगव्वाच्या देवळात आढ्याला टांगलंय. त्यानं मासे धरत नाहीत. गावातल्या प्रत्येक माणसाची त्यात एक गाठ असते. मूल जन्मलं की अक्कम्मा आईच्या गाठीशेजारी त्याची गाठ बांधते, माणूस मेलं की सोडते. बाहेरून आलेल्याची गाठ कडेला. का, तर “भाईरच्याला नदी वळकत न्हाई. गाट असली की वळकती.” हे सगळं मला अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. मासा न धरणारं जाळं आणि माणसं ओळखणारी नदी! मी वहीत ‘अडाणीपणा’ एवढंच लिहिलं आणि पान उलटलं.

१८ नोव्हेंबर

आज एक चांगलं काम केलं. सगळे मासेमारीला गेल्यावर देवळात जाऊन जाळं नीट पाहिलं. पूर्वापारचं म्हणतात, पण कडेचं सूत कोरं, चक्क बाजारातलं. पेन्सिलीच्या चाकूनं कडेचा वीतभर तुकडा कापला. तीन गाठी आल्या. सोलापूरला माझा मित्र हिंदुराव जुन्या वस्तू जमवतो. त्याला पाकिटात घालून पाठवला आणि सूत किती जुनं ते कळव म्हणून लिहिलं. एकदा लेखी उत्तर आलं की या भोंदूपणाचं पितळ उघडं पाडतो.

पाकीट चन्नप्पानं नेलं. हा अक्कम्माचा घरजावई, मंद्रूपकडचा, गावाचं टपाल तोच नेतो-आणतो. बैलासारखा कष्टाळू आणि तेवढाच बोलका.

२० नोव्हेंबर

विजयमालाचे पाय ओले आहेत. पुसले तरी पुन्हा ओले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिची पावलं उठतात आणि वाळत नाहीत. थंडी कोरडी, ओठ फुटताहेत, आणि हिचे पाय ओले. सासू रडतेय. मी म्हटलं, रक्ताचा दोष असेल, सोलापूरला दाखवा. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. अशांना सांगून उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर

विजयमाला गेली. सकाळी दहाच्या उन्हात, भाकरी थापता थापता उठली आणि घाटाच्या पायऱ्या उतरून सरळ पाण्यात चालत गेली. चार बायकांनी पाहिलं. हाका मारल्या, वळली नाही. गुडघ्याएवढं पाणी, तरी दिसेनाशी झाली. दिवसभर होड्या फिरल्या. काही सापडलं नाही.

माझं मत वेगळं आहे. शिकलेली पोर, या लोकांत तिचा जीव रमेना. पोहून पलीकडं गेली असेल.

पण माळशिरसला नदी कुठली? सासू म्हणते, तिला पोहता येत नव्हतं.

२४ नोव्हेंबर

अक्कम्मानं जाळं उतरवलं. कड कापलेली सापडली. सारा गाव देवळापुढं बसला. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, “ज्यानं कापली त्यानं आपल्या हातानं आनून द्यावी. मी बांदते. कुनी रागवनार न्हाई.”

मी जागचा उठलो नाही. या लोकांपुढं मान खाली घालून उभं राहायचं? मी?

चन्नप्पा आपल्या पायांकडे बघत होता.

२५ नोव्हेंबर

चन्नप्पा सकाळी खोलीत आला. उंबऱ्यावर ओली पावलं. हात जोडून विचारलं, त्या पाकिटात काय होतं मास्तर?

कागद, मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. “व्हय. मास्तर खोटं कशाला बोलतील.” आणि गेला.

मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो. लगेच हिंदुरावला पत्र लिहिलं, तुकडा उलट टपाली पाठव. पत्रही चन्नप्पाच घेऊन गेला, त्या ओल्या पायांनी.

२७ नोव्हेंबर

चन्नप्पा गेला. भर दुपारी. होडी बांधली, दोर नीट गुंडाळला आणि चालत पाण्यात. मी घाटावर होतो. परवा सांगितलं असतं तर—

योगायोग. दोन बुडाले म्हणजे—

मला भीती वाटते.

२९ नोव्हेंबर

हिंदुरावचं उत्तर आलं, आता टपाल निंगप्पा आणतो. लिहितो, तुझं पाकीट भिजून चिंब आलं. आत नुसता सरळ धागा. गाठ एकही नाही. कसल्या गाठी म्हणतोस?

अक्कम्माकडे जाऊन पाय धरले. सगळं सांगितलं. तिनं मला उठवलं, पाणी दिलं. म्हणाली, एक गाठ विजयमालाची, एक आमच्या चन्नप्पाची.

तिसरी कुणाची, मी विचारलं.

“तुमचीच की, मास्तर. तुमी आलात त्याच दिशी बांदली. परकं मानूस, नदीकाठी राहनार. काळजी वाटली.”

खाली पाहिलं. मी बसलो होतो तिथं—

३० नोव्हेंबर, सकाळ

निंगप्पाच्या होडीत बसलो. माझ्या पायांखालून पाणी भरू लागलं. तळाला भोक नाही. घोट्यापर्यंत. त्यानं होडी परत वळवली. सून गेलेला माणूस, तरी माझा हात धरून उतरवलं.

दुपार

अक्कम्मानं माझी गाठ पुन्हा बांधली, ती सुटली. मग सूत माझ्या हातात दिलं. म्हणाली, कापणाऱ्याच्या हातची गाठ बसते का बघू. बांधतो— सुटते— पुन्हा बांधतो—

पुस्तकात हे लिहायला हवं. तिनं माझी गाठ आधी बांधली होती. मी विचारलंही नव्हतं. चार पानांत हे एवढंच—

शाई पसरतेय. वही ओली—

घाटावरून बांगड्या वाजल्या. विजयमाला. मग चन्नप्पा, विचारतोय, पाकिटात काय होतं मास्तर—

दारात सगळा गाव उभा आहे. मला धरून ठेवलंय. हात ओले, निसटतात—

बजाबाईचा जोतीराम. आईच्या आवाजात. आई जाऊन नऊ वर्षं—

ओ देणार नाही. देणार नाही. मी ओ