शेवटच्या गाण्यातली मोकळी जागा

२ जून
आले: कोऱ्या टेपा दोन, तीनशे. गिटारच्या तारा एक संच, नव्वद. ड्रमवाला एक, परगावचा, मुक्कामाला; खर्च जेवण झाल्यावर कळेल.
चिरंजीवांच्या ग्रंज बँडचा पहिला अल्बम; ग्रंज म्हणजे फाटक्या आवाजातले रॉक म्हणे. स्टुडिओचे भाडे माझ्या शिलकीतून, तेव्हा जबाबदारीही माझीच. हे म्हणाले, "पैसे दिलेस ना, आता मधे पडू नकोस." मी कधी पडते? संकल्प: मधे पडायचे नाही. फक्त देखरेख.

४ जून, दुपार
सराव ऐकला. मधे न पडता, दारात उभी राहून. गाण्याचे नाव 'गंज'. त्यात चिरंजीव कुजतात. विचारले, दोन्ही वेळ गरम जेवतोस, कुजतोस कुठे? म्हणाले, "आई, ते आतलं आहे." जंतांचे औषध दिले.

९ जून
उद्या कव्हरचा फोटो. बँडमधल्या तिघांचे कपडे बघवेनात. पँटी गुडघ्यांवर फाटलेल्या, शर्टांना बटणे नाहीत. देवाचे नाव घेत सगळे धुतले, शिवले, इस्त्री केली. सांगितले नाही. चांगले काम सांगून करू नये.

१० जून
फोटोवाला म्हणे म्हणाला, "तिघं बँकेच्या मुलाखतीला निघालेत का?" माझ्या हाताला यश आहे. चिरंजीव जेवले नाहीत. आनंदाने भूक मरते.

१६ जून
डबा घेऊन स्टुडिओत गेले. आत नुसती खरखर. रेकॉर्डिंगवाल्याला म्हटले, बाबा, तुझे यंत्र बिघडले. म्हणाला, "काकू, मुद्दाम बिघडवलंय. त्याची वेगळी पेटी येते, पायानं दाबायची. महाग असते." पैसे मोजून खरखर! आमच्या रेडिओत फुकट येते.

२३ जून, सकाळ
अल्बम तयार. सगळा एका कॅसेटवर. दुसरी प्रत काढणार होते, मी तो खर्च वाचवला. मूळ टेपाही स्टुडिओला निम्म्या किमतीत परत दिल्या, पुसून वापरतील. ड्रमवाला म्हणाला, "काकू, तुम्ही नसता तर अल्बम झालाच नसता." डोळे भरून आले.

२३ जून, संध्याकाळ
मुले बाहेर. कॅसेट उद्या अल्बम काढणाऱ्या कंपनीत जायची, म्हणून तपासली. शेवटच्या गाण्यात शब्द लवकर संपतात. पुढे बाजू संपेपर्यंत खरखर, शिट्ट्या, गुरगुर. एवढी मोकळी जागा वाया! तिथे माझे सकाळचे स्तोत्र भरले, खड्या आवाजात. शेवट कसा शुभ असावा. हेही सांगितले नाही.

२४ जून
कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कॅसेट लावली. मान डोलवत होते म्हणे. मग स्तोत्र लागले. साहेब म्हणाले, "ज्या शेवटासाठी तुम्हाला घेणार होतो, तो कुठाय?"
चिरंजीव ओरडले नाहीत. ओरडले असते तर उत्तर तयार होते. नुसते म्हणाले, "आई, ती मोकळी जागा नव्हती. ते गाणं होतं."
कंपनीला संगीतातले कळत नाही.

२६ जून
चिरंजीव ड्रमवाल्याबरोबर त्याच्या गावी गेले. गिटार नेली. इस्त्रीची पँट खुंटीवर ठेवून गेले. विजेचे बिल कमी येईल. फायदाच.

४ जुलै
घर फार शांत. मनाला बरे. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे सरकवून ठेवला होता. ह्यांनी विचारले, "बिघडला का?" म्हटले, असू दे. खरखर येते, पण तशी नाही.

९ जुलै
पत्राचा मजकूर, उद्या टाकायचा:
चि. बाळास आशीर्वाद. कोऱ्या टेपा आणून ठेवल्या आहेत, प्रत काढायला दोन जास्त. मी मधे पडणार नाही. तुझ्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांची शिवण उसवून ठेवली आहे. भोके पूर्वीएवढीच हवीत की थोडी मोठी, तेवढे उलट टपाली कळव.