खिळ्यावरच्या दोन पुरचुंड्या

८ डिसेंबर १९७४, रविवार
आले. मधल्या खोलीच्या खिडकीत, वरच्या कोपऱ्यात, सात-आठ किडे. लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके. थंडी पडली की ऊब शोधत घरात शिरतात. मागच्या वर्षीही याच सुमारास. मी बघत राहिले. हे ओरडले, "काहून अशी उभी राहून राहिली वं? चहा उतू गेला." गेला होता खरा.

११ डिसेंबर
शंभरेक असतील आता. गाद्यांच्या घडीत, बल्बवर, यांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये. चिरडला की पिवळं पाणी येतं, कडू वासाचं. बोटं धुतली तरी जात नाही. जेवताना यांनी ताटातून एक काढून दाखवला. "आज भाजीत मटण टाकलं का?" मला हसू आलं. मग आपण हसलोच कसे, म्हणून दिवसभर स्वतःचाच जीव खाल्ला. छबी जाऊन अकरा महिने झाले. आठ महिन्यांची होती पोर.

१३ डिसेंबर
हे म्हणाले, "तुह्या दादाले निरोप धाड. मागच्या सालची पावडर आणून देईल." दादाची नरखेडकडे संत्र्याची बाग आहे, तिथली कीड मारायची पावडर.
मी म्हटलं, नको.
"काहून?"
"वास येतो."
"मागच्या साली तर नाही आला तुले."
नाही आला. सर्दी होती, नाक चोंदलं होतं. हे एवढं वाक्यसुद्धा या वहीत आजवर लिहिलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार
लिहितेच. हे बाहेर, यांच्या आई देवळात गेल्यात.
मागच्या डिसेंबरात दादाने पावडर दिली, डबाभर. बागेत ती पातळ फडक्यात बांधतात आणि पुरचुंडी काठीने ठोकत झाडांवरून फिरतात, पावडर झडत जाते. मीही तसंच केलं. यांचं जुनं धोतर फाडलं. धोतर मऊ, म्हणून त्याचीच दुसरी पुरचुंडी छबीच्या वेखंडाची केली. न्हाणं झालं की टाळूवर, मानेखाली दोन थापा. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही खिडकीजवळच्या एकाच खिळ्याला. केवढी शहाणी मी.
जानेवारीतल्या त्या सकाळी खिडकीवर पावडर झटकली. मग छबीला न्हाऊ घातलं, पुसलं, खिळ्यावरची पुरचुंडी काढली. कोणती काढली ते आठवत नाही. वेखंड उग्र, पावडर त्याहून उग्र, पण मला त्या दिवशी कशाचाच वास येत नव्हता. टाळूवर, मानेखाली, काखेत. ती हसत होती. गुदगुल्या व्हायच्या तिला.
दुपारी झटके आले. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. पावडरीचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी आईंनी पाळणा सोडून तिचं होतं नव्हतं सगळं बोचक्यात बांधून जाळलं. खिळ्यावरचंही. आता कोणाला विचारू?

१६ डिसेंबर
आणि आई म्हणतात, पोर आपल्यामुळेच गेली. न्हाऊ घातल्यावर तिला घेऊन त्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. सक्करदऱ्याच्या तलावावरून वारं येत होतं, ते बाधलं, असं त्यांचं म्हणणं. आज भाजी निवडताना पुन्हा तेच. "या खेपेले मी लेकराले हात नाही लावणार. माहा हात बरा नाही." मला सहावा संपत आलाय. मी खाली मान घालून मेथी निवडत राहिले. अकरा महिने दुसरं केलंय काय मी? त्या रडतात आणि मी मेथी निवडते.

२२ डिसेंबर, रविवार
दादा आला. संत्र्यांची करंडी यष्टीच्या टपावर टाकून. किडे पाहून खूश झाला!
"अवं, यायले मारू नको बरं. झाडावरचा मावा खातात हे. शेतीखात्याचा माणूस आला होता, त्यानं सांगितलं. आम्ही आपले पागलासारखे पावडर मारून राहिलो होतो."
हे म्हणाले, "मंग मागच्या साली आमाले काहून देली गा?"
"मले तरी कुठं माहीत होतं!"
सगळे हसले. आईसुद्धा. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. चावत नाहीत, डसत नाहीत, काही नेत नाहीत. थंडी संपली की आपले आपण जातात. मग मी कशासाठी...

२९ डिसेंबर, रविवार
दुपारी घरात एकटी. थप, थप, थप. पुरचुंडी ठोकल्याचा आवाज. शेजारच्या काकू गादी झटकत होत्या, ते दिसत होतं मला, तरी खिळ्याकडे पाहिलं. मग तो उपटायलाच गेले. भिंतीचा पोपडा हातात आला, खिळा नाही आला.
माळ्यावरून पाळणा काढला. लागेलच आता. तर आत किडे. कापडाच्या खोळीत तळहाताएवढा घोळका, एकमेकांना चिकटून निजलेला. झाडू घेतला आणि हातच उचलेना. ऊब शोधत पाळण्यात आलेल्याला झाडून कसं काढायचं? पाळणा तसाच टांगला. एक झोका दिला. का दिला, माहीत नाही. हात आपोआप गेला, आणि मग भीती वाटली म्हणून धरून थांबवला.

५ जानेवारी १९७५, रविवार
सांगितलं यांना. हे सुपारी कातरत होते. दोन पुरचुंड्या, खिळा, सर्दी, सगळं. मी मध्ये थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात.
अडकित्ता थांबला. मला वाटत होतं म्हणतील, पागल झाली का वं, असं कुठं असते का. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं मला.
म्हणाले, "आईले सांगू नको."
म्हणजे खरं वाटलं त्यांना.

९ जानेवारी
छबीला जाऊन वर्ष झालं.
हे वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. पोत्यांवर नावं टाकायची काळी शाई आणि ब्रश घेऊन आले. हातपाय न धुता स्वयंपाकघरात मांडी घालून बसले आणि एकेका डब्यावर लिहीत सुटले. हळद. सोडा. रवा. वेखंड. पोत्यावर असतात तशी बोटभर अक्षरं. मिठाच्या बरणीवरसुद्धा.
आई म्हणाल्या, "घर आहे का गोदाम आहे हे, बाबू?"
मी म्हटलं, "मीठ ओळखता येतं मला."
"हो नं," म्हणाले आणि लिहीत राहिले.
असा संताप आला की डबे उचलून अंगणात फेकावे. मग त्यांचा हात दिसला. शाई मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी फडकं ओलं करून दिलं. माझ्याकडे न पाहता घेतलं.

१५ जानेवारी
डबे तसेच. रोज सकाळी ती अक्षरं वाचत चहा करते. साखर. वाचल्याशिवाय आता मलाही टाकवत नाही.
किडे कमी होतायत. उन्हाकडच्या भिंतीवर थोडे उरलेत.

१९ जानेवारी, रविवार
आईंनी जायचं काढलंच. काटोलला मुलीकडे जाऊन राहणार, बाळंतपण होईपर्यंत. "होईपर्यंत कायले, मंगही. माही सावलीच नको लेकरावर." हे म्हणाले, "आई, असं काय करतं?" आई आत गेल्यावर माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.
यांना आईचं रडणं चालतं. माझं बोलणं चालत नाही. की मला वाचवतायत? मी विचारलं नाही. उत्तर आलं तर काय करू?

२५ जानेवारी
आईंनी दुपारभर बसून बाळासाठी दुपटं शिवून संपवलं. माझ्या हातात दिलं. "दुकानातलं आहे म्हणजो. मी शिवलं म्हणून सांगजो नको कोणाले." घेतलं मी. मुकाट्याने घेतलं! असली सून देवाने कोणाला देऊ नये.

२६ जानेवारी, रविवार, सकाळ
शाळेच्या पोरांची प्रभातफेरी आत्ताच गेली. हे रिक्षा आणायला चौकात गेलेत. आईंची पेटी दारात. त्या आत चहा पितायत.
सांगितलं तर त्या थांबतील. बाळाला न्हाऊ घालतील, मांडीवर घेऊन उन्हात बसतील, आणि मला शिवू देणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.
नाही सांगितलं तर म्हातारी माझं ओझं घेऊन यष्टीत बसेल, आणि बाळ राहील माझ्या हातात. एकटीच्या.
यातलं मला जास्त भीतीचं कोणतं, ते कळतं. लिहवत नाही.
आत कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. "सूनबाई, पाया पडाले नाही येत का वं?"
रिक्षा अजून आलेली नाही.