बाबांचा उजवा हात

रविवार, ११ ऑगस्ट, दुपारचे अडीच. आत्ताच टॉवेल वाळत घातले.

तीर्थरूप आईस, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, पोटभर जेवतो. मालिश शिकायला आलो खरा, पण पाच महिने टॉवेल धुतोय आणि बाकीच्यांच्या सरावासाठी पालथा पडतोय. पाठ मात्र छान मोकळी झाली!

दादाने लिहिलंय, लकव्याचा झटका आल्यापासून बाबा कुणालाच हात चोळू देत नाहीत. म्हणतात, "माझा पोरगा परदेशात शिकतोय, तोच येऊन चोळील." काल गुरुजींना विचारलं, बाबा माझ्यासाठी थांबले तर चालेल का. ते हसले. म्हणाले, "झटक्यानंतरचे पहिले महिनेच कामाचे असतात. तू शिकेपर्यंत थांबले तर हाताचं लाकूड होईल."

आई, माझी वाट बघू नका. शेजारच्या मावशी बाळंतिणींना चोळतात, त्यांना पत्र मिळताच बोलाव. बाबा ओरडले तर सांग, "तुमच्या लेकानेच पत्रातून त्यांना शिकवलंय." टॉवेलांचं बोलू नकोस.

त्यांची बोटं अजून हलतात का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, खरं लिही.

तुझा धाकटा