अर्धा वाटा तुमचा, नाना

नाना,

'तीर्थरूप' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच नाना. सासरे म्हणून जन्मभर अहो-जाहो केलं, तेवढं ठेवते.

काल तुमचं तेरावं झालं. गुडगावच्या फ्लॅटमध्ये दिल्लीच्या आर. के. पुरममधले तुमचे जुने सरकारी ऑफिसवाले झाडून आले होते. त्यातले एक गृहस्थ जेवता जेवता म्हणाले, "नानांचं खानदान म्हणजे बिल्कुल स्वच्छ रक्त!" मी पानावरून उठले. चार लोकांत त्यांना उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आठवतं? निखिल वर्षाचाही नव्हता, कागदासारखा पांढरा पडत चालला होता. डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमिया. आयुष्यभर बाहेरून रक्त द्यावं लागेल. त्याच संध्याकाळी तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात, "सिंधी बाईची मुलगी सून केली, आणखी काय होणार? आमच्याकडे असलं काही नव्हतं!"

माझी मम्मी करोल बागेतून नातवासाठी खिचडी घेऊन आली होती. दारातच उभी होती, नाना! डबा ठेवला आणि न बसता परत गेली. तुम्ही असताना ती पुन्हा कधी या घरात आली नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. वाटलं, शिकलेला माणूस आहे, समजावून सांगितलं तर कळेल. किती भाबडी होते! तुमच्यापुढे टेबलावर राजमा आणि चवळीचे दाणे मांडले.

"नाना, प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात. राजमा म्हणजे बिघडलेली, चवळी म्हणजे चांगली. माझ्यात एक राजमा, एक चवळी. तुमच्या मुलात, श्रीकांतमध्येही तसंच. एक चवळी असली की माणूस ठणठणीत राहतो. पण बीजपेशी तयार होताना पेशी अशी विभागते की जोडीतली एकच प्रत पुढे जाते. निखिलला दोघांकडूनही राजमाच आला. एकट्या आईकडून हा आजार येत नाही."

तुम्ही दाण्यांकडे बघितलंसुद्धा नाहीत. "राजमा भिजत घाल. मला बायॉलॉजी शिकवू नकोस."

फायलींवर शेरे मारण्यात हयात गेली तुमची. निसर्गाचा नियमही 'नामंजूर' लिहून परत पाठवता येतो, असंच वाटत होतं ना?

स्वयंपाकघरातून आई मात्र सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी घोरत असताना त्यांनी चपला घातल्या. "चल, माझं रक्त तपासून घेऊ."

"तुम्ही कशाला, आई?"

"श्रीकांतला तो राजमा आमच्या दोघांपैकीच कुणीतरी दिला ना? माझ्यात नसला, म्हणजे कळलंच."

रिपोर्ट आला, तर त्यांच्यात नव्हता. चहाच्या वेळी त्यांनी तुमच्यासमोर सरळ सांगितलं, "माझ्यात नाही. म्हणजे तुमच्याकडून आलाय."

आणि तुम्ही काय केलंत? "लॅबच फालतू आहे," म्हणालात आणि टीव्हीचा आवाज वाढवलात! स्वतःची तपासणी? "मला काय धाड भरलीय?" काहीच नव्हती भरली, नाना. वाहक, म्हणजे एकच राजमा असलेला माणूस, असाच धडधाकट असतो, तेच तर मी सांगत होते.

मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा गर्भाची तपासणी करायची ठरली. "आमच्या घरात असले चोचले चालत नाहीत," तुम्ही बजावलंत. श्रीकांत पहिल्यांदाच तुमच्यावर ओरडला. आई माझ्याबरोबर आल्या. पोटातल्या ईराला एकच राजमा आला होता, आमच्यासारखा. ती खुशाल आहे.

तुम्ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सिंधी सुनेची कथा ऐकवत राहिलात. मम्मी गेली, ती नातवाला आपणच आजार दिला, हे मनात घेऊन. मी कितीदा समजावलं! पण लोकांकडून सतत कानावर येणारं तुमचं बोलणं तिला जास्त खरं वाटलं.

एक मात्र नीट समजून घ्या. तुमच्यात ती प्रत होती, म्हणून मी तुम्हाला हलकं समजत नाही. ती माझ्यातही आहे. खरं कळल्यावरही एका बाईच्या माथी खोटं मारत राहिलात, त्याची मला किळस येते. निखिलला रक्त चढत असताना एकदा तरी त्याच्या उशाशी येऊन बसलात?

वचन देते. ईरा मोठी झाली की तिला सांगेन, तिच्यात काय आहे आणि लग्नाआधी जोडीदाराचं रक्त का तपासायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हेही सांगेन. मग लाज कशाची वाटायला हवी, असं तिनं विचारलं, तर तिला तुमची गोष्ट सांगेन. नावासकट.

तुमची सून,
मीना