गाव वर न्यायचं का, हे मला विचारलं

सोमवार, ८ जुलै

सगळ्यात आधी कोण यावं? नासिबेको! फटफटी आमच्या आंब्याखाली थांबते न थांबते, तोच ही शेजारीण मिठाची वाटी घेऊन कुंपणापाशी हजर. मीठ कालच नेलं होतं हिनं! मग मुखियाचा माणूस आला, मग पोरंटोरं. आणि पाहुणी एवढीशी पोर — थोकोझानी नाव, झोम्बा शहराची, हातात पाटीएवढं काचेचं यंत्र. म्हणाली, हवामान बदलतंय, सरकारनं त्यावर काय काय करावं, ते आम्ही लोकांना विचारत फिरतो.

माझ्या बिस्विकनं लगेच खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. तर ती म्हणते, "दादा, एका घरी बाप्याला विचारायचं, पुढच्या घरी बाईला. या घरी बाई." मग सुनेचं नाव — एनेलेस — आणि माझं नाव यंत्रात घातलं. यंत्रानं चिठ्ठी काढली. मी!!

बिस्विक म्हणे, "आईला? बकरीपासून सुरुवात करेल, दिवस मावळला तरी बकरीवरच असेल."

करीन! आजवर मला लोकांनी काय विचारलं? किल्ली कुठंय. मीठ आहे का. पोटात कुठं दुखतंय. मी बाहेर नेसायचं चांगलं वस्त्र नेसून बसले.

पाऊस बदललाय का, म्हणाली. म्हटलं, "पोरी, आधी पाऊस पाहुण्यासारखा यायचा, सांगून-सवरून. आता चोरासारखा येतो. आणि आला की घर धुऊन नेतो." मी इतकं बोलले, तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. झालं! माझा सगळा पाऊस त्या ठिपक्यात.

शेवटी तो प्रश्न. पुरात सापडणारी नदीकाठची गावं सरकारनं वर माळावर हलवावीत का? अगदी पटतं, थोडं पटतं, नाही पटत...

तिनं सगळ्यांना लांब बसवलं होतं. पण नासिबेको कुंपणाला चिकटलेलीच. आणि मार्चच्या सभेत मुखियासमोर गावानं हात वर केले होते — हलायचं नाही. बिस्विकनं केला होता, मीही केला होता.

"नाही पटत," म्हटलं.

तिनं बोट ठेवलं. आता ते यंत्रात गेलं.

मंगळवार, ९ जुलै

घास उतरला नाही. मक्याच्या पिठाचा न्सिमाचा गोळा ताटातच गार झाला. एनेलेस म्हणाली, "आई, पाहुण्यांची नजर लागली तुम्हाला."

नजर कसली. दोन वर्षांमागच्या पुरात मी आणि नात तियांजाने दोन दिवस आंब्यावर होतो, माझ्या वस्त्रानं फांदीला बांधून घेतलेल्या. आता सहा वर्षांची आहे. अजून, या कोरड्या ठणठणीत दिवसांत, उन्हं कलली की पिल्लं टोपलीत घालून छपरावर ठेवते. "पाणी आलं तर," म्हणते. मोठी कोंबडी जड, ती खाली राहते, तिची माफी मागते पोर!

पण आमचे हे नदीपाशीच्या राईत पुरलेले. बिस्विक दर रविवारी तिथं झाडून येतो. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, चल इथून?

बुधवार, १० जुलै

दाढ ठणकतेय. काही लिहीत नाही.

गुरुवार, ११ जुलै

थोकोझानीचे साहेब आले! मिशा पिकलेल्या, बोलणं गोड. "आजी, पोरगी खरंच येऊन गेली का, ते तपासायला आलोय. चारच प्रश्न परत विचारतो." नासिबेको दळायला गेली होती. आणि चौथा प्रश्न — तोच!

"अगदी पटतं," म्हटलं. "उद्याच हलवा."

त्यांनी यंत्रात पाहिलं. चेहरा उतरला. "इथं उलटं आहे. म्हणजे तिनं घरी बसून भरलंय."

"घरी बसून? माझ्या ओंजळभर शेंगा खाल्ल्या तिनं! टरफलं इथंच पडलीयत, बघा!"

"आजी, तिला वाचवायला म्हणताय."

"अहो, पोर खरी. मीच खोटं सांगितलं."

साहेबांनी यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, असं नुसतं सांगून चालत नाही, तिला कामावरून काढतील. तिला घेऊन येतो, घरच्या माणसांदेखत दोघींना विचारतो, सह्या घेतो.

घरच्यांदेखत! म्हणजे बिस्विकसमोर. पण दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर पाय कसा देऊ?

शुक्रवार, १२ जुलै

त्यांच्या आधी मीच सांगितलं बिस्विकला. सगळं. वर जायचंय मला, म्हटलं. तो उठला, सायकल घेतली, निघून गेला. चुलीपाशी एनेलेसच्या डोळ्यांत पाणी — धुरानं की कशानं, विचारायचा धीर झाला नाही.

शनिवार, १३ जुलै

सकाळी त्यानं मला सायकलवर मागे बसवलं — मला! — आणि माळावर नेलं. शाळेच्या मागं खुंट्या ठोकलेल्या. वाळवी लागलेल्या.

"फेब्रुवारीत ठोकल्यात, आई. माळावरच्या मुखियाला कोंबडा देऊन जागा मागितली. मग सभेत तू हात वर केलास. तुला बाबांपासून कसा तोडू?"

"मेल्या, तू केलास म्हणून मी केला!"

दोघंही हसत सुटलो. मग त्यानं दोन खुंट्यांमध्ये उभं केलं मला. "ही तुझी खोली. दार नदीकडं. राई दिसते बघ."

दिसते.

साहेब आणि थोकोझानी बुधवारी, १७ तारखेला, सह्या घ्यायला येतो म्हणालेत.