दुसऱ्या ओळीतील रक्कम

३ मे
निमंत्रण आले. कुशल कामगार म्हणून त्या थंड देशात कायमचे स्थायिक होण्यासाठी अर्ज करावा, असे. मुदत २ जुलै. आनंद झालेला नाही. समाधान झाले आहे. सौ. जाऊन फेब्रुवारीत वर्ष झाले. तेव्हापासून या इमारतीतील प्रत्येक इसम मला पाहताच मान तिरकी करतो. सरळ मानेच्या लोकांत राहण्याची इच्छा आहे.
एकच अट अपुरी. तेथे बस्तान बसेपर्यंत पुरेल एवढा पैसा खात्यात असल्याचे दाखवावे लागते. साइटवर तक्ता आहे. दुसरी ओळ. आकडा पाठ केला. माझ्याकडे त्याच्या चार पंचमांश आहेत. उरलेला पाचवा हिस्सा जमवणे ही केवळ शिस्तीची बाब.
संकल्प: चहा बंद. वर्तमानपत्र बंद. मेहुणीशी बोलणे बंद. शेवटच्यात बचत नाही, परंतु प्रकृतीस हितकर.

६ मे
चहा सुरू. वजनकाटे तपासून प्रमाणित करणे हे माझे काम आहे. डोके दुखत असता काटे चुकतात आणि समाज फसतो. समाज त्याच लायकीचा आहे, तरीही प्यायलो.
साहेबांकडे पगाराची उचल मागितली. कारण विचारले. खासगी आहे, असे सांगितले. म्हणाले, मग खासगीतच भागवा की. सर्व विभाग हसला. जाताना कोणालाही पत्ता देणार नाही.

१७ मे
सौ.ची स्कूटर विकण्याचा निर्णय. भावनेला येथे थारा नाही. रोज सकाळी खाली जाऊन ती सुरू करतो, ते केवळ बॅटरी टिकावी म्हणून.
पहिल्या ग्राहकाने टायरला लाथ मारली. नकार.
दुसरा सभ्य वाटला. किंमत मान्य, रोख खिशात. सीटवर बसला आणि उजवा आरसा स्वतःकडे फिरवला. आरसा सौ.च्या उंचीला लावलेला आहे. हाकलून दिले. फाटकापर्यंत ओरडत गेला, अहो, डोकं फिरलंय का तुमचं, आरसा लावला नाही तर मागचं दिसणार कसं?
आरसा पूर्ववत करण्यात संध्याकाळ गेली. त्यासाठी सीटवर बसून सौ.इतके बुटके व्हावे लागले. शेजारी खिडकीतून पाहत होते. पाहोत.

२ जून
बँक. खिडकीवरील बाईने मला काका म्हटले. मी एकेचाळीस वर्षांचा आहे.
शिल्लक दाखवणारे पत्र मागितले. म्हणाली, काका, खातं जॉइंट आहे, दुसऱ्या खातेदार कुठायत? वस्तुस्थिती सांगितली. लगेच मान तिरकी. म्हणाली, अरेरे, मग त्यांचं नाव कमी करून घ्या ना, मृत्यूचा दाखला आणा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटले की मी पत्र घेण्यास आलो आहे, नाव कमी करण्यास नव्हे. म्हणाली, नाव कमी झाल्याशिवाय पत्र कसं देऊ, काका?
दुसऱ्यांदा काका.
तक्रार लिहिली. चार पाने. भाषा उत्तम साधली. टपालात टाकली नाही. टपालातही असलीच माणसे बसतात.

१४ जून
संकल्पाचे तिसरे कलम तात्पुरते स्थगित. मेहुणीकडे गेलो. ती सौ.ची थोरली बहीण. शाळेत फीच्या खिडकीवर बसते आणि घरीही तेथूनच बोलते. पाचवा हिस्सा मागितला. नियम समजावला: उसने पैसे चालत नाहीत. ती भेट असावी लागते आणि परत नको असल्याचे सही करून द्यावे लागते.
म्हणाली, म्हणजे पैसे माझे, जाणार तुम्ही, आणि परत मागायचे नाहीत असंही मीच लिहून द्यायचं? वा भावजी! बहिणीचा नवरा असावा तर असा. आणि बाहीचं बटण तुटलंय ते? ते काय तिकडून पोस्टानं पाठवणार माझ्याकडे?
बटण लावून दिले. दोरा वेगळ्या रंगाचा. मुद्दाम.

२६ जून
मेहुणी चेक घेऊन आली. ठेव मोडून आणला, हे तीन वेळा ऐकवले. सही करण्यापूर्वी सर्व कागद वाचणार म्हणाली. तक्ता पुढे ठेवला.
विचारले, किती जण जाणार, भावजी? मी म्हटले, एक. मग ही दुसरी ओळ का धरलीत? ही तर दोघांची आहे. मी म्हटले, कुटुंब दोघांचे आहे. फॉर्ममध्येही तसेच भरले आहे.
टोमण्याची वाट पाहिली. प्रत्युत्तर तयार होते. ती चष्मा काढून पुसत बसली. या बाईला गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले आणि ते मला मुळीच आवडले नाही.
मग पहिल्या ओळीवर बोट ठेवले. म्हणाली, एवढे तर तुमच्याकडे पहिल्यापासूनच आहेत हो.
चेक पर्समध्ये परत. दारातून म्हणाली, जा आता. कुणी अडवलंय?

१ जुलै
आता सर्व सुलभ. उद्या बँकेत दाखला द्यायचा, नाव कमी करायचे, पत्र घ्यायचे, फॉर्ममधील दोनचा एक करायचा, अर्ज पाठवायचा. पोरखेळ.

२ जुलै
बँक. बाईने अर्ज दिला. पहिलाच रकाना: कमी करावयाचे नाव. दोरीला बांधलेल्या पेनात शाई नव्हती. बाईने स्वतःचे दिले. ते फार जाड उमटे. अक्षर नीट येईना. सौ.चे नाव गचाळ अक्षरात लिहिणे शोभत नाही. काका, मी लिहू का, म्हणाली. परत आलो.
सायंकाळी साइट मंद असावी. उघडून पाहिली नाही, परंतु शेवटच्या दिवशी मंदच असते. मुदत संपली. नुकसान त्या देशाचे.

३ जुलै
मेहुणी सकाळीच हजर. गेलात का ते बघायला आले, म्हणाली. मी कारणे सांगू लागलो. ऐकली नाहीत. म्हणाली, तुमच्यापायी माझी बस चुकली, आता शाळेत सोडा.
सौ.ची स्कूटर काढली. बॅटरी उत्तम. आरशात केवळ माझी बाही आणि त्या बटणाचा दोरा दिसत होता. मागून ट्रकने हॉर्न दिला. मेहुणी किंचाळली, भावजी, आरसा नीट करा हो, मारताय का मला! मी सांगितले की आरसा अचूक आहे, अचूकता हा माझा विषय आहे. तिने माझ्या खांद्यावरून हात लांबवला आणि आरसा फिरवला.
हाकलून देणे शक्य नव्हते. गाडी चालू होती.